खडकवासल्याच्या भिंतीसमोर

आज सकाळी खडकवासला धरणाजवळ बराच वेळ उभा होतो आणि मनात सतत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचाच विचार होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेला हा तरुण 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला. नाशिक, खानदेश, सक्कर अशी त्याची सुरुवातीची कर्मभूमी होती.

मला सर्वांत मोठे वाटते ते येथील काम. सांडव्यावरून पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवायचे, पण त्यासाठी भिंतीची उंची वाढवायची नाही, या पेचावर त्यांनी स्वयंचलित दरवाजांचा उपाय शोधला. 1903 मध्ये बसवलेले हे दरवाजे पाण्याने ठरावीक पातळी ओलांडली की आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. रात्रीच्या पुरातही माणसाच्या हाताची वाट पाहावी लागत नसे. (नदीकाठी वाढलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.)

1908 मध्ये त्यांनी स्वेच्छेने हे खाते सोडले आणि पुढच्याच वर्षी म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंतापद स्वीकारले. म्हैसूरचे विश्वेश्वरय्या सर्वांना ठाऊक आहेत. मुठेकाठचे विश्वेश्वरय्या मात्र आपण पुणेकरांनी अधिक जवळून ओळखायला हवे होते, ही खंत आज तीव्रतेने जाणवली.