मागच्या रांगेतले नऊ संगणक

लातूर जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था मी पाहतो. तेथील तीस संगणकांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना फ्रीकॅड हा यंत्रभागांचे आराखडे काढण्याचा प्रोग्राम शिकवला जातो. उबुंटूच्या अधिकृत प्रोग्राम-भांडारात फ्रीकॅडची ०.१९ हीच जुनी आवृत्ती मिळत असल्यामुळे मी आधीपासून ॲपइमेजचा मार्ग धरला होता. सगळा प्रोग्राम एकाच फाइलीत असतो. ती उतरवून घ्यायची, चालवण्याची परवानगी द्यायची, की झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड १.० आले आणि त्यात सुटे भाग एकमेकांना जोडण्यासाठीचा विभाग, असेंब्ली वर्कबेंच, अंगभूतच मिळू लागला. मुले घरच्या लॅपटॉपवर १.० वापरून केलेले काम पेनड्राइव्हवर आणू लागली आणि आमच्या ॲपइमेजमधल्या ०.२१ मध्ये त्या जोडण्या धड उघडेनात. प्रात्यक्षिक परीक्षेआधी सगळीकडे एकच आवृत्ती असावी म्हणून मी नवी फाइल आपोआप उतरवणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची यादी, लिहिली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या सोयीतून, चालेल अशी व्यवस्था केली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मागच्या रांगेतल्या मुलांनी फ्रीकॅडच्या चिन्हावर क्लिक केले, कर्सर क्षणभर फिरला आणि पुढे काहीच झाले नाही. टर्मिनलमधून चालवल्यावर, ॲपइमेज माउंट होत नाही, फ्यूज तपासा, असा संदेश आला. माउंट म्हणजे फाइलीच्या आतला भाग फोल्डरसारखा उघडणे, आणि ॲपइमेज ते फ्यूज या सोयीच्या मदतीने करते. उबुंटू २२.०४ मध्ये फ्यूजची जुनी लायब्ररी मुळात बसवलेली नसते हे माहीत असल्यामुळे मी तिच्याच मागे लागलो. ती सर्व संगणकांवर व्यवस्थित होती. यात वीस मिनिटे गेली आणि बाह्य परीक्षक दारात येऊन उभे राहिले.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे शिपाई मामा वऱ्हांड्यातल्या नेटवर्क स्विचकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, काल दुपारी लाइट गेल्ती, तवा ही पेटी बी बंद पडल्ती."

मागची रांग त्या स्विचवर होती. संगणक इन्व्हर्टरवर असल्याने चालू राहिले, पण स्विच इन्व्हर्टरवर नव्हता. मी एका चालू आणि एका बंद पडलेल्या संगणकावरील फाइलींचे आकार ताडून पाहिले, तर दुसरी जेमतेम निम्मी होती. फाइलीच्या सुरुवातीचा भाग शाबूत असल्याने ती चालू होत होती, पण आतला डेटा अपुरा असल्याने माउंट होत नव्हती. उतरवण्याला मी दहा मिनिटांची मर्यादा घातली होती. ती संपल्यावर स्क्रिप्ट, आदेश यशस्वी झाला की नाही हे न पाहताच पुढच्या ओळीवर गेली. शिवाय जुन्याच नावावर लिहिल्यामुळे ०.२१ देखील गेली होती. पुढच्या रांगेतील संगणकावरून पूर्ण फाइल मागच्या नऊ संगणकांवर आरसिंक या नक्कल करणाऱ्या आदेशाने पाठवली. परीक्षा चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाली. तेवढा वेळ मुले हातात पेन धरून बसून होती, आणि ते दृश्य मला अजून टोचते.

त्या रविवारी मी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता फाइल इंटरनेटवरून एकच संगणक उतरवतो, तिची एसएचए २५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला, ओळख पटवणारा आकडा) प्रकाशित बेरजेशी जुळली तरच बाकीचे ती त्याच्याकडून घेतात आणि तीच बेरीज स्वतःही तपासतात. नवी फाइल तात्पुरत्या नावाने, पण त्याच फोल्डरमध्ये उतरते. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्याच फाइलसिस्टिमवर नाव बदलणे एका झटक्यात होते, तर डिस्कच्या वेगळ्या विभाजनावरून हलवताना फाइलीची नक्कल होते आणि अर्धवट राहण्याचा धोका पुन्हा येतो. मेनूतले चिन्ह एका सिमलिंककडे, म्हणजे खऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या दुव्याकडे, बोट दाखवते. तपासणी पार पडली की नव्या फाइलीचे तात्पुरते नाव बदलते आणि सिमलिंक तिच्याकडे वळते. कोणी फ्रीकॅड उघडून बसलेला असला तरी त्याची जुनी फाइल जागेवरच राहते, आणि आधीची एक आवृत्ती मी मुद्दाम काढत नाही. क्रॉनऐवजी सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाचा टायमर घेतला, कारण संगणक बंद असताना चुकलेली वेळ तो, तसे सांगून ठेवले असेल तर, संगणक सुरू झाल्यावर भरून काढतो. परीक्षेच्या आठवड्यात सर्व्हरवर एक रिकामी फाइल ठेवली की सगळे अपडेट थांबतात.

मामांनी वायरमनला बोलावून स्विच इन्व्हर्टरवर घेतला. पुढच्या अपडेटच्या वेळी मी मुद्दाम एका संगणकाची नेटवर्क केबल मध्येच काढली. तात्पुरत्या नावाची अर्धी फाइल तशीच पडून राहिली आणि चिन्हावर क्लिक केल्यावर जुने फ्रीकॅड उघडले.