काकूंनी पाहिलेला दिवा

मे महिन्यातली दुपार. कराडच्या माझ्या गॅरेजात निवृत्त गुरुजी आणि काकू दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. लेक चिपळूणला, तिचे दिवस भरत आलेले, आणि गाडी कुंभार्ली घाटात दोनदा बंद पडलेली. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की परत चालू. आधीच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, पेट्रोल पंप बदलला आणि शेवटी सांगितलं, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेला, १८ हजार लागतील.

मी विचारलं, "बंद पडल्यावर चावी फिरवता तेव्हा इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो का?"

गुरुजी आठवत राहिले. काकू म्हणाल्या, "नाही लागत. लाल दिवे लागतात, तो नाही. मी नीट बघितलंय."

त्या गाडीत तो दिवा ईसीएमच लावतो. म्हणजे एकतर ईसीएम मेलाय, नाहीतर त्याला सप्लायच पोचत नाही. गार झाल्यावर जो जागा होतो, त्याला मेला म्हणायची मला घाई नव्हती. स्कॅनरवर कोड होता पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरीवर मात्र चालू इंजिनात १४.१ व्होल्ट. मधे कुठेतरी अडत होतं, आणि मधे होता मेन रिले, म्हणजे आतल्या कॉइलने चालणारा स्विच. ईसीएम, इंजेक्टर, इग्निशन कॉइल, सगळ्यांचा सप्लाय त्याच्या ३० आणि ८७ नंबरच्या पायांमधून जातो.

रिले तपासताना बरेच जण टक् आवाज ऐकतात, मीटरवर बारा व्होल्ट बघतात आणि पास करतात. माझं याच्याशी कायम भांडण आहे. आवाज रिलेची कॉइल चालू असल्याचं सांगतो, करंट जोडणारे आतले पॉइंट कसे आहेत ते नाही. आणि मीटर इतका किरकोळ करंट ओढतो की जळक्या पॉइंटमधूनही बारा दिसतात. लोड चालू असतानाच मोजायला हवं.

रिले किंचित उचलून दोन्ही पायांना बारीक वायरी लावल्या आणि इंजिन चालू केलं. ३० ते ८७ ड्रॉप, म्हणजे मधे वाया जाणारं व्होल्टेज, ०.३ व्होल्ट. शेजारच्या सलूनमधून हेअर ड्रायर आणून रिलेवर धरला. ०.६. ०.९. मग आकडा उड्या मारायला लागला, २.८ दिसला, इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद. चावी फिरवली, पिवळा दिवा नाही.

"हेच! घाटात हेच व्हायचं!" काकू खुर्चीतून उठल्याच.

ब्लेडने रिलेचं झाकण काढलं. एक पॉइंट काळाठिक्कर, मधोमध तांदळाच्या कणीएवढा खड्डा. साडेतीनशे रुपयांचा नवा रिले लावून गाडी देता आली असती, पण पॉइंट जळले कशाने? फ्यूज बॉक्सखाली हात घातला तर चिकटपट्टीचा गठ्ठा लागला. ८७ ची वायर सोलून कुणीतरी पुढच्या दोन जादा हॅलोजन दिव्यांना जोडलेली. प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे रिलेवर नऊ अँपियरचा फुकटचा बोजा. नवा रिलेही तसाच जळाला असता.

तो सांधा तोडला, दिव्यांना बॅटरीवरून वेगळा रिले आणि फ्यूज दिला. इंजिन चालू, दिवे चालू, एसी चालू, दहा मिनिटं ड्रायरचा वारा. ड्रॉप ०.०६ वर स्थिर.

काकूंनी चावी मागून घेतली. स्वतः फिरवली, पिवळ्या दिव्यावर बोट ठेवलं आणि गुरुजींना म्हणाल्या, "बघा, लागला."