भंडारा लोकसभा मतदारसंघाचा माग काढताना: माझा अनुभव

२००८ च्या पुनर्रचनेत भंडारा लोकसभा मतदारसंघ संपला आणि त्याच्या जागी भंडारा-गोंदिया आला. जुन्या मतदारसंघातील सर्व लढतींची सलग नोंद करण्याचे मी नागपुरात ठरवले, तेव्हा निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल हाताशी होते. १९५७ पासूनचे तक्ते भराभर उतरवून झाले. अडले ते त्याआधीच्या पाच वर्षांपाशी, कारण सार्वत्रिक निवडणुकांच्या या अहवालांत पोटनिवडणुका नसतात, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पराभवामुळे गाजलेली भंडाऱ्याची १९५४ ची लढत पोटनिवडणूकच होती.

ती घ्यावी का लागली, याचे उत्तर एका वकील स्नेह्याने सुचवलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात मिळाले. फेब्रुवारी १९५४ चा हा निवाडा न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिला आहे. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, याचे मला विशेष अप्रूप वाटले. भंडारा तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता, म्हणजे एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव अशा दोन जागांवर तेथून दोन खासदार निवडले जात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या पेढीचे भागीदार होते, तिचा सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवण्याचा करार असल्याने ते अपात्र ठरले. दुसरीकडे, राखीव जागेवरील एका महार उमेदवाराचा अर्ज, त्याने महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून फेटाळला गेला होता. पंथ स्वीकारल्याने जात सुटत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि संपूर्ण निवडणूक रद्द झाली.

पुढचा शोध वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींत घ्यावा लागला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने येथील अंक पाहणे क्रमप्राप्तच होते. पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागा समाजवादी नेते अशोक मेहतांनी जिंकली, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते असत, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत; त्यामुळे मतांची बेरीज मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त भरते आणि टक्केवारीची नंतरच्या निवडणुकांशी तुलना करता येत नाही. ही पद्धत १९६१ मध्ये रद्द झाली, म्हणून मी माझ्या नोंदवहीत तेथे आडवी रेघ ओढली आहे. रेघेखालचे काम सरळ होते. शेवटची नोंद २००४ ची आहे: प्रफुल्ल पटेलांचा पराभव करून शिशुपाल पटले विजयी.