रिटायरमेंट आणि सातेरीच्या पेट्या

रिटायर झालो तेव्हा पोरं म्हणाली बाबा आता आराम करा, पण यावलला घरी नुसतं बसवेना, मग पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत ट्रेनिंग घेतलं (ती १९६२ पासून आहे) आणि सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून शेतात निंबाखाली ठेवल्या.

आमच्याकडे सगळी केळी. केळीला फळ धरायला माशी लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं माशीचं काय काम, पण कांद्याचं बी, सूर्यफूल, लिंबू, शेवगा यांना तिची मोठी मदत होते ना.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ ला टेकला की माश्या पाणी आणून पोळ्यात शिंपडतात आणि दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, मी पेटीवर ओलं पोतं टाकतो, जवळ परातीत पाणी आणि त्यात खडे, नाहीतर बुडतात बिचाऱ्या. पहिल्या उन्हाळ्यात मला हे समजलं नव्हतं, एका पेटीतल्या सगळ्या माश्या उडून गेल्या, फार वाईट वाटलं.

आता गावात घरोघरी जाऊन दोनच गोष्टी सांगतो. फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर करा, आणि आग्या मोहोळ जाळू नका. बांधावरची बोर, बाभूळ, करंज तोडू नका हेही सांगतो, तिथं थोडी वादावादी होते. पण परवा शेजारचे आप्पा स्वतः विचारायला आले, फवारा किती वाजता मारू?