जयनगर: पवन एक्सप्रेस संपते तिथून पुढे

लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणाऱ्या पवन एक्सप्रेसच्या पाटीवर ‘जयनगर’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. हे गाव बिहारच्या मधुबनी जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला टेकून आहे. तिथून दुसरी गाडी पकडली की दीड-दोन तासांत नेपाळमधलं जनकपूर, म्हणजे सीतामाईचं माहेर. आईला ते पाहायचं होतं, म्हणून कोजागिरीच्या तोंडावर आम्ही दोघी नाशिकरोडहून निघालो.

आधी तिकिटाचं सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी आणि छठसाठी गावी जाणाऱ्यांची या गाडीला तोबा गर्दी असते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी तिकीट काढा. थ्री एसी मिळालं तर उत्तम. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर स्लीपरने जाऊ नका, कारण दरभंग्याच्या आधीच डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही दुसऱ्या रात्री उशिरा, तेही तीन तास लेट, उतरलो. अशा वेळी खोली शोधत फिरणं नको, म्हणून स्टेशनजवळचं लॉज फोन करून आधीच ठरवून ठेवा. लॉज साधीच आहेत. डास भरपूर, तेव्हा ओडोमॉस पिशवीत हवंच.

बहुतेक जण जयनगरला फक्त गाडी बदलतात. माझं म्हणणं, इथे एक अख्खा दिवस काढा. आम्ही सकाळी बाजारात गेलो तर निम्मं गिऱ्हाईक नेपाळातून आलेलं. लग्नाचे कपडे, भांडी, औषधं असं सगळं घेऊन माणसं संध्याकाळी परत जातात. सीमा इथे गल्ली ओलांडावी तशी ओलांडली जाते. दोन्हीकडची भाषा मैथिली, दोन्हीकडे तेच सण, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रोटीबेटी व्यवहार. हा शब्द आपण पुस्तकातून वाचतो, तिथे तो दुकानाच्या पायरीवर ऐकू येतो. कापडवाल्याने सहज सांगितलं, ‘हमारा ससुराल उधर है.’

नाश्त्याला दही-चूडा खा, म्हणजे पोहे, घट्ट दही आणि गूळ. पोहे भिजवून वाटीत पसरतात आणि वर दही अक्षरशः कापून ठेवतात. आणि मखाना. कमळासारख्या पाणवनस्पतीचं हे बी. तळ्याच्या तळाशी चिखलात बुडी मारून ते गोळा करतात, वाळवतात, तापलेल्या कढईत भाजतात आणि गरम असतानाच लाकडी थापीने ठोकतात, तेव्हा त्याची पांढरी लाही फुटते. मिथिला मखान्याला 2022 मध्ये जीआय मानांकन मिळालं. बाजारात पोत्याच्या पोती उघडी असतात. दाणा मोठा, पांढरा आणि चिमटीत दाबल्यावर कुरकुरीत तुटणारा घ्या. चिवट लागला तर तो दमट झालाय.

आता पुढची गाडी. नेपाळ रेल्वेचं स्टेशन भारतीय स्टेशनच्या शेजारीच आहे, पण वेगळं. तिकीट आपल्या रेल्वेच्या अ‍ॅपवर शोधू नका, तिथल्याच खिडकीवर काढायचं. साध्या डब्याचं भाडं शंभर रुपयांच्या आत आहे, एसी डबाही असतो. दिवसाच्या फेऱ्या मोजक्याच आणि वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारून या. ओळखपत्र आणि सामान तपासतात, तेव्हा तासभर आधी पोचा. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. नुसत्या आधारवर निर्धास्त राहू नका. आईचं वय 67, पासष्टीच्या पुढच्यांना आधार चालतं, तरी तिचं मतदार कार्डही मी घेतलं होतं. ही गाडी सुरू झाली ती फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत असतील तर आधी चौकशी केल्याशिवाय बेत ठरवू नका.

या मार्गाचा इतिहास माझ्या जिव्हाळ्याचा आहे. 1937 मध्ये इथे अडीच फुटी नॅरोगेज आली, जंगलातलं लाकूड वाहून आणण्यासाठी. आपल्याकडच्या बार्शी लाइट रेल्वेचा आणि विदर्भातल्या शकुंतला गाडीचा गेजही तोच होता. पुढे माणसंच या गाडीवर विसंबली. 2014 मध्ये ती बंद झाली, भारताच्या मदतीने ब्रॉडगेज टाकलं गेलं आणि 2 एप्रिल 2022 ला जयनगर ते जनकपूरजवळचं कुर्था हा सुमारे 35 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. पुढच्या वर्षी गाडी त्याही पुढे बिजलपुऱ्यापर्यंत गेली. आणि या डेमू, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या गाड्या नेपाळला पुरवल्या आपल्या कोकण रेल्वेने, 2020 मध्ये. सुरुवातीला चालवायला माणसंही कोकण रेल्वेचीच होती. आई माहेरची कणकवलीची. हे सांगितल्यावर तिने खिडकीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘म्हणजे ही आमच्याकडची.’

इनर्वा हे सीमेपलीकडचं पहिलं स्टेशन. मग दोन्ही बाजूंना भातशेती, तळी, तळ्यांत बदकं. गाडी सावकाश जाते, त्यामुळे पाहायला वेळ मिळतो. जानकी मंदिराबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी थोडक्यात सांगते. टीकमगढच्या राणी वृषभानु यांनी बांधवलेलं हे मंदिर 1910-11 च्या सुमारास पूर्ण झालं. नऊ लाख खर्च आला म्हणून नौलखा मंदिर. दुपारी जाऊ नका, फरशी तापते. संध्याकाळच्या आरतीला जायचं तर मुक्काम जनकपूरलाच करा. चित्रकलेची आवड असेल तर जवळच कुवा गावात महिलांचं विकास केंद्र आहे. घरांच्या भिंतींवर काढायची मिथिला चित्रं तिथे बायका कागदावर काढतात.

पैशांचं गणित सोपं आहे, भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ. शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटा घ्यायला दुकानदार कुरकुरतात. शनिवारी तिकडे सुट्टी असते. आणि घड्याळ! नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. माझा मोबाइल भारतीय वेळच दाखवत होता. परतीच्या गाडीला अजून वीस मिनिटं आहेत असं समजून मी चहा सांगितला. चहावाल्या मावशींनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, तेव्हा पाचच उरली होती. आईला हाताला धरून फलाटावर पळवत नेलं, तिचा श्वास वर आला. त्या पाच मिनिटांबद्दल मला अजून वाईट वाटतं. पोचल्या पोचल्या हातातलं घड्याळ पुढे करा.

जाताना डब्यात आमच्या समोर जयनगरचं एक कुटुंब होतं. पायाशी टोपल्या, त्यांवर लाल कापड बांधलेलं. लेकीचं लग्न त्याच वर्षी झालेलं, जावई जनकपूरचा. कोजागिरीला ते कोजागरा म्हणतात. त्या दिवशी नव्या जावयाच्या घरी माहेरहून मखाना, पान, मिठाई, कपडे पाठवायचे. या पाठवणीला ‘भार’ म्हणतात. ‘तुमच्याकडे काय करतात?’ म्हणून त्या बाईंनी विचारलं. आईने आटीव दूध, केशर, चंद्र, सगळं हातवारे करून मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. उतरायच्या वेळी त्यांनी दुसऱ्या पिशवीतून ओंजळभर मखाना काढला, म्हणाल्या, ‘माँजी, आँचल पसारिए, खोंइछा है.’

तो शब्द आईला माहीत नव्हता. पण तिने पदर पुढे केला तो ओटी घेताना करतात तसाच, दोन्ही हातांनी. त्यातला मूठभर मखाना कोजागिरीच्या रात्री लॉजच्या गच्चीवर आम्ही दुधात टाकला, बाकीचा बाबांसाठी घरी आणला.