कुंभार्ली घाटाआधी जीपचे ब्रेक

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन साताऱ्याहून पाटण, कुंभार्ली घाट आणि पुढे कोकण. तंबू, भांडी, पोरं, सगळं जुन्या एमएम ५४० जीपमध्ये. म्हणून आजचा अख्खा दिवस ब्रेकला दिला.

चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा चाकातला छोटा सिलिंडर) रबर उचलून बघायचं. आत ओल दिसली की रबरांचं किट बदलायचंच, पुसून भागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. भरलेली गाडी घाट उतरताना ड्रम तापतात, ते पाणी उकळून वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. जुनं सगळं काढून नवं डॉट ३ ब्रेक ऑइल भरायचं, पाइपांतली हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळचा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून.

इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला (त्याचा चार टोकांचा सांधा) चारही टोकांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस गन मारा. एक टोक कोरडं राहिलं तर तिथलंच बेअरिंग जाणार. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) मातीवरच टाकून बघा, डांबरावर वळताना ताण गिअरवर येतो.

२० लिटरचा पाण्याचा कॅन पुढच्या सीटला टेकवून, खाली. फॅन बेल्ट आणि रेडिएटरचा होस जादा घेतलाय. उद्या हँडब्रेकची केबल.