मत नसलेल्याची मतं

२०२५च्या सप्टेंबरअखेर इथे जपानमध्ये शेजारच्या आजींकडे टपालाने मतदानाचं कार्ड आलं. यजमानांचं दुकान होतं तेव्हापासून आजी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या, इथल्या बोलीत 'जिमिन्तो'च्या, सभासद. वर्षाला ४,००० येन वर्गणी भरायची आणि अध्यक्ष निवडताना मत द्यायचं. मी कर त्याच्या कितीतरी पट भरतो, पण सभासद व्हायला जपानी नागरिकत्व लागतं. आणि जिमिन्तोचा अध्यक्ष तोच बहुतेक वेळा पंतप्रधान! सव्वाबारा कोटींच्या देशाचं भवितव्य नऊ लाखांच्या आसपास सभासद आणि २९५ खासदार ठरवणार. पक्षाची घरगुती निवडणूक असल्यामुळे गल्लीत पोस्टर लावायचे फलकही नाहीत. आम्ही आपले टीव्हीसमोर.

पंतप्रधान इशिबांनी राजीनामा दिल्यावर पाच जण उभे राहिले. मी त्यांना माझ्या फूटपट्टीने मोजलं: तांदूळ आणि व्हिसा.

तांदळात शिंजिरो कोइझुमी पुढे. माजी पंतप्रधानांचे चिरंजीव, तेव्हा वय ४४. मे महिन्यात ते कृषिमंत्री झाले, कारण आधीचे मंत्री बोलून गेले होते की समर्थक एवढा तांदूळ देतात, मला कधी विकत घ्यावाच लागला नाही. पाच किलोची पिशवी ४,००० येनवर गेलेली असताना हे बोलायचं म्हणजे कमालच. कोइझुमींनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ २,००० येनच्या आसपास दुकानांत आणला. बासमती आम्ही भारतीय दुकानातून आणतो, पण पोरांना डब्यात ओनिगिरीच, म्हणजे जपानी भाताचा गोळाच लागतो, म्हणून मीही रांगेत उभा राहिलो. भात जरा कोरडा झाला, पण वरणाबरोबर खपला. मात्र प्रचारात त्यांच्याच गोटातून 'ऑनलाइन आमच्याबद्दल चांगलं लिहा' अशा सूचना गेल्याचं बाहेर आलं आणि माफी मागायची वेळ आली.

साने ताकाइची, हरणांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारा प्रांतातल्या. त्यांनी प्रचाराच्या पहिल्याच भाषणात, परदेशी लोक नाराच्या हरणांना लाथा मारतात, असं सांगितलं. मी नाराला गेलो होतो तेव्हा हरणानेच माझ्या पिशवीतला नकाशा खाल्ला होता, पण ते सांगायचं कुणाला? खरं तर परदेशी लोकांबाबत कडक धोरणाची भाषा कमीअधिक प्रमाणात पाचही जणांच्या तोंडी होती. जुलैमध्ये 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने वरिष्ठ सभागृहात १४ जागा मिळवल्यापासून हा सूर सगळ्यांनाच लावावासा वाटतोय. व्हिसाच्या फूटपट्टीवर त्यामुळे कुणीच उजवं ठरेना.

ताकाइचींची मला गंमत वाटते ती आडनावावरून. इथे कायद्याने नवरा-बायकोचं आडनाव एकच लागतं, आणि बदलतात बहुतेक बायकाच. दोघांनी आपापलं ठेवण्याच्या कायद्याला ताकाइचींचा विरोध आहे. त्यांचं त्याच नवऱ्याशी २०२१ मध्ये पुन्हा लग्न झालं तेव्हा मात्र आडनाव नवऱ्याने बदललं! बायकोने हे ऐकलं आणि आमच्याकडे दोन दिवस तोच विषय.

मोतेगी आणि कोबायाशी यांच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. माझं मत असतं तर ते योशिमासा हायाशींना गेलं असतं. दुसऱ्या कुणाची खुर्ची अचानक रिकामी झाली की यांना बोलावणं येतं, म्हणून त्यांना राजकारणातला '११९' म्हणतात. इथे अग्निशमन दलाचा तो नंबर. सरकारचे प्रवक्ते म्हणून रोज दोनदा पत्रकारांसमोर यायचे आणि आवाज न चढवता उत्तरं द्यायचे. असा माणूस निवडून येत नाही, हे कळायला जपानला यायची गरज नव्हती.

आजींचं म्हणणं एकच: "दारे गा नात्तेमो ओनाजी." कुणीही आलं तरी तेच.

४ ऑक्टोबरला खासदारांत कोइझुमी पुढे होते, ८० विरुद्ध ६४. पण सभासदांच्या मतांच्या प्रमाणात वाटलेल्या मतांत ताकाइचींना ११९ आणि कोइझुमींना ८४. दुसऱ्या फेरीत ताकाइची १८५-१५६ने जिंकल्या. भाषणात त्यांनी 'काम करणार' हे शब्द पाच वेळा उच्चारले. सहा दिवसांत २६ वर्षांपासूनचा साथीदार पक्ष कोमेइतो सोडून गेला, मग इशिन या पक्षाला जोडीला घेऊन २१ ऑक्टोबरला त्या पंतप्रधान झाल्या.

दुसऱ्या दिवशी आजी 'काकी' नावाची केशरी फळं घेऊन दारात. कुणाला मत दिलंत, हे मी विचारलं नाही. चेहराच सांगत होता. "पहिली बाई पंतप्रधान," म्हणाल्या, "तुमच्या देशात कधी होणार?"

"झाली," मी म्हटलं, "१९६६ मध्ये."

"एएएए?" आजी दारातच उभ्या राहिल्या.